बॅटरी न विकणारा

बोईसर स्टेशनजवळचा तो दुरुस्तीवाला माणसाकडे न बघता मशीनकडे बघून बोलतो. दोन वर्षांत माझ्या घरच्या यूपीएसच्या तीन बॅटऱ्या मेल्या होत्या. पालघरच्या दुकानदाराने फसवलं, असं मी यूपीएस त्याच्या टेबलावर ठेवत तावातावाने सांगितलं. मी घरूनच कारखान्यांच्या निविदा भरतो. वीज गेली की भरलेलं सगळं जातं, आणि दुसऱ्या दिवशी एकीची मुदत संपत होती.

"नवी दे, पण भाव नीट लाव."

"रात्री भिंतीवरचं बटन बंद करता काय?" त्याने यूपीएसलाच विचारलं.

"करतो. वीज फुकट येते का?"

"मग ही रातभर रिकामी होते नि तशीच मरते. तुमाला नवी देनार नाय, शेट. तुमी तिलापन माराल."

मी भडकलो. सांगशील तो भाव देतो, असंही आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. तो नाहीच म्हणाला. मी यूपीएस उचलून घरी आलो.

संध्याकाळी तोच बॅटरी घेऊन उमरोळीला घरी आला. ती बसवली, भिंतीवरचं बटन चालू केलं आणि त्यावर आडव्याउभ्या चिकटपट्ट्या मारल्या.

"आता करा भाव," तो बटनाकडे बघत म्हणाला.

मी केला नाही. पालघरवाल्याशी माझं भांडण मात्र मिटलेलं नाही. तीन बॅटऱ्या विकताना त्याने हा एक प्रश्न का विचारला नाही?