आमरी निर्दोष

सरकारी बागेतल्या झाडांच्या पाट्या रंगवणं हे काम एकतीस वर्षं करून निवृत्त झालेल्या माणसाला समाजात काय मान असतो, हे पाटीकाकांकडे पाहून कळत असे. काहीच नसतो. लोक झाड बघतात, फार तर पाटी वाचतात. पाटीवरचं अक्षर कुणाचं, हा प्रश्न आजवर कुणाला पडलेला नाही. अक्षर मात्र सुरेख होतं. ते त्यांना स्वतःला ठाऊक होतं, आणि एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

लग्न झालं नव्हतं. बागेतली नोकरांची खोली पाडली तेव्हा ते एक ट्रंक आणि एक रोप घेऊन थोरल्या भावाच्या दारात उभे राहिले. पंधरा दिवसांसाठी. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली होती. दादा टेलिफोन खात्यात लाइनमन होते, तेही निवृत्त. त्यांनी भावाला जिन्याखालची खोली दिली, आणि नंतर त्या विषयावर काही बोलले नाहीत. दादा मुळात कुठल्याच विषयावर बोलत नसत. त्या घरात बोलण्याचं काम वहिनींकडे होतं, आणि त्या ते दोघांच्याही वाटचं करीत.

रोप म्हणजे आमरी, ऑर्किड. झाडावर राहणारी. रस्ता रुंद करताना बागेतलं एक म्हातारं झाड आडवं केलं, त्याच्या फांदीवरून पाटीकाकांनी ती सोडवून आणली होती. वहिनींच्या मागच्या अंगणातल्या आंब्याच्या पूर्वेकडच्या फांदीवर त्यांनी ती जुन्या बनियनच्या पट्ट्यांनी बांधली. सुती पट्टी वर्षभरात कुजून गळते. तोवर गांडुळासारखी जाड, पांढुरकी मुळं सालीला धरून बसतात. मग बांधायला नको, माती नको, खत नको. सकाळी पितळी पिचकारीनं पाणी उडवायचं की झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर तिला वीतभर लांबीचा फिकट गुलाबी घोस लोंबे, वेणीसारखा. महिनाभर टिके. त्या महिन्यात पाटीकाका चालताना जरा ताठ चालत.

वहिनी तिला बांडगूळ म्हणत. रोपाला म्हणत तोवर पाटीकाका फक्त दुरुस्ती करीत.

“वहिनी, बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालतं, रस पितं. ही नुसती टेकून राहते. हवा खाते, पाऊस पिते. झाडाचा एक थेंब घेत नाही.”

“हो का? आणि सकाळी साडेसातचा चहा? तो कोण पितं?”

यावर शास्त्रात उत्तर नव्हतं.

एकदा वहिनींची मैत्रीण पहिल्यांदाच घरी आली. कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या पाटीकाकांकडे बघत तिनं हलकेच विचारलं, “हे कोण?” वहिनी तितक्या हलकेच बोलल्या नाहीत. “ते आमचं बांडगूळ.” दोघी हसल्या. दादाही हसले, कारण तो विनोद होता. पाटीकाकांनी पेपर खाली केला आणि पाहुणीला बांडगूळ आणि आमरी यांतला फरक सांगितला. सविस्तर. पाहुणीनं चहा अर्धा टाकला.

यंदा ती पूर्वेची फांदी वाळू लागली. आधी पानं पिवळी पडली, मग सुपारीएवढ्या कैऱ्या पटापट गळल्या. वहिनी रोज सकाळी त्या वेचून जिन्याखालच्या खोलीच्या उंबऱ्यावर मांडून ठेवायच्या. ओळीत. काही न बोलता. न बोलणं त्यांना इतकं चांगलं जमतं, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

सातव्या सकाळी त्या बोलल्या. “भाऊजी, झाडावर एक आणि घरात एक. दोन दोन पोसायची ताकद आता ना त्या झाडात आहे ना माझ्यात. एक तर काढाच.”

“तिनं काही केलेलं नाही.”

“मग काय फांदीला नजर लागली?”

पाटीकाकांना आयुष्यात राग असा एकदाच आला असावा, आणि तो नेमका तेव्हा आला. “कुणालाही बोलवा. जाणकार माणूस बोलवा. या आमरीमुळे फांदी मेली असं तो म्हणाला, तर तिच्याबरोबर मीही या घरातून निघतो.”

“लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं. पाटीच्या अक्षरात, सरळ रेघेत, खाली सही. इतका देखणा कागद त्या घरात आजवर झाला नव्हता. वहिनींनी तो फ्रीजच्या दारावर चिकटवला. दादा पाणी प्यायला उठत तेव्हा तो वाचत, बाटली परत ठेवत आणि जाऊन बसत.

रविवारी उद्यान विभागाच्या बाई आल्या. तरुण, पायात बूट, हातात कोयती. पाटीकाकांना पाहून म्हणाल्या, “सर, मी निम्मी झाडं तुमच्या पाट्यांवरून शिकले.” पाटीकाकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी शिडी धरून होत्या, ती त्यांनी सोडली नाही. एवढं त्यांचं सौजन्य.

बाईंनी वर चढून बराच वेळ साल चाचपली, मुळं बाजूला सारली, मग वरूनच सांगितलं, “आमरी निर्दोष आहे. तिचं एकही मूळ आत गेलेलं नाही.”

पाटीकाकांनी चष्मा काढून पुसला. अकरा वर्षांत त्या अंगणात ते प्रथमच कुणाच्या परवानगीविना मोठ्यानं हसले.

“पण फांदी मेली ती हिच्यापायीच,” बाई पुढे म्हणाल्या. “हिला तारेनं बांधलंय. फांदी जाड होत गेली, तार तशीच. आता पार सालीत रुतलीय. गळा आवळल्यासारखं झालंय. मुळांखाली झाकली गेली म्हणून खालून दिसत नाही.”

“तार नाही,” पाटीकाका म्हणाले. “मी तार वापरत नाही. माळीकामात पहिल्या दिवशी शिकवतात ते. पट्टी होती, बनियनची.”

बाईंनी कोयतीच्या टोकानं तार उकरली, तोडली आणि खाली टाकली. तांब्याची होती. दोन टोकं एकमेकांवरून घेऊन दोन्हीकडे सहा सहा घट्ट वेढे, शेवटचं टोक आत दाबलेलं.

तो पीळ त्या घरात सगळ्यांना पाठ होता. कपडे वाळत घालायची दोरी, फाटकाची कडी, मोडक्या बादलीचा कान, सगळं त्याच पिळावर उभं होतं. टेलिफोनच्या खांबावर चढणारा माणूसच तार अशी जोडतो.

तीन वर्षांपूर्वी वादळ झालं तेव्हा पाटीकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. आमरी सुटून लोंबली असणार, आणि दादांनी कुणाला न सांगता शिडी लावली असणार. अकरा वर्षांत त्या घरानं पाटीकाकांवर बोलून न दाखवता केलेला हा एकमेव उपकार. परत आल्यावर डोळ्यांमुळे शिडी बंद झाली, पिचकारी खालूनच उडायची, आणि पाटीकाका येईल त्याला वर बोट दाखवून सांगत, “एवढं वादळ झालं, पण हलली नाही. स्वतःच्या मुळांवर उभी आहे.”

“कुणी बांधली?” बाईंनी उतरता उतरता विचारलं.

पाटीकाकांनी दादांकडे पाहिलं. पायरीवर बसलेले दादा हातातल्या चहाच्या कपाकडे पाहत होते. कप रिकामा होता. वहिनींनी तार उचलली, पिळावरून बोट फिरवलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “तार कुणाची का असेना, रोप कुणाचं?”

अंगणात चार माणसं असूनही कपडे फडफडल्याचा आवाज येत होता.

“मीच बांधली,” पाटीकाका म्हणाले. “विसरलो होतो.”

बाईंना ते खरं वाटलं नसावं. पण त्यांना पुढे आणखी दोन झाडं पाहायची होती.

गुरुवारी करवतवाला आला. मुळं सोडवायला गेलं तर तुटली असती म्हणून त्यानं आमरीसकट हातभर ओंडका कापून दिला. लिहून दिल्याप्रमाणे निघायचं म्हणून पाटीकाकांनी लांबच्या वस्तीत एक खोली पाहिली होती. तिला खिडकी होती आणि खिडकीपासून दोन फुटांवर समोरच्या इमारतीची भिंत. रिक्षावाला ओंडका घ्यायला तयार होईना. “ट्रंक घ्या नाहीतर लाकूड घ्या. सीट फाटते.”

“घ्या हो,” वहिनी दारातून म्हणाल्या. “एकटं सोडू नका त्यांना.”

पाटीकाकांनी ओंडका मांडीवर घेतला. दादा ट्रंक उचलून आले, ती त्यांनी सीटखाली ढकलली, आणि वाकलेल्या अवस्थेतच, बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात बोलले.

“खोटं कशाला बोललास?”

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो, दादा.”

“मी बोलणारच होतो. तुला दम नाही.” दादांचा आवाज कापत होता, रागानं. “मोठेपणा करून मोकळा झालास. आता ती रोज मला ऐकवणार, आणि तू नाहीस म्हटल्यावर सगळं मलाच. याचा काही विचार केलास?”

पाटीकाकांनी खरंच विचार केला नव्हता. “चुकलं माझं,” ते म्हणाले.

“चुकलंच,” दादा म्हणाले, आणि रिक्षाच्या टपावर दोनदा थाप मारली. “चला हो, निघा.”