बांगडीच्या कडेसारखी चक्री

ती घटना आठवते ती धुक्यासकट. स्वातंत्र्याला दहा वर्षं व्हायची होती. आलापल्लीकडच्या सागवानात सकाळ उशिरापर्यंत झोपेतच असायची. बायांची झडती घ्यायला ठाण्यात मी एकटीच महिला शिपाई.

खबऱ्यानं सांगितलं, एक कासार घरी पिस्तुलं बनवतो. छापा घातला. बांगड्यांच्या टोपलीत विलायती रिव्हॉल्व्हर निघालं. काडतुसं बसतात त्या चक्रीतल्या सहाही घरांच्या तोंडाच्या कडा घासून उतरत्या केलेल्या.

"काडतुसं झटपट भरायला. डाकूंचं काम," ठाणेदार म्हणाले.

नंबरावरून मालक सापडला. जंगलात एकटा राहणारा म्हातारा लाकूड ठेकेदार. "चोरीला गेलं," एवढंच त्यानं कळवलं. म्हणजे कासारावर बिनपरवाना कामाबरोबर चोरीही आली. दोन दिवस विचारलं, तो गप्पच.

"बाई, हा बोलून काऊन नाई राह्यला?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"शब्द देल्ला म्हणते कोणाले. मले बी नाई सांगत."

पंचनाम्याच्या वेळी मी चक्रीच्या त्या कडेवरून सहज बोट फिरवलं, आणि हातातली बांगडी आठवली. कासार तिची आतली कड अशीच गोल करतो, हाताला लागू नये म्हणून. हे घाईवाल्याचं काम वाटेना मला.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार जबाबाला आला. ओसरीवर बसला. मी त्याला पितळी गिलासात उकळता चहा दिला. आम्ही पदरानं धरतो, त्यानं उघड्या मुठीत धरला आणि धुक्याकडे पाहत राहिला. तळवा लाल होत गेला.

"भाऊ, गिलास पोळते न!"

त्यानं स्वतःच्या हाताकडे दुसऱ्याचा असावा तसं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "महारोग हाय, बाई. लोकायले समजलं तं पाणी नाई देणार कोणी."

"गोळ्या निघाल्या आता त्याच्यावर. पण तुमच्यापायी तो कासार आत बसून हाय."

धुकं विरलं तसा तो गिलास ठेवून उठला. मग आत गेला, दोन्ही हात ठाणेदारांच्या टेबलावर ठेवले. "चोरी नाई झाली, साहेब. म्याच देल्लं त्याले, कडा घासाले. बोटायले काडतुसाचं भोक गवसत नाई."

रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं. कासाराला ताकीद देऊन सोडलं. बाहेर ठेकेदार त्याच्यापासून दूर सरला, तर कासारानं तो भाजलेला हात धरून फुंकर घातली. "चला, मालक. पायायले तं रस्ता गवसते न?"

पुढे नोकरीत कोणी असा गप्प बसला, की मी आधी शोधायची, हा कोणाला झाकून बसलाय.