सहा हिरवे लंगोट

सत्तरच्या दशकात मी कशेळ्याजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. सोमवारी आठवड्याच्या कामांची यादी करायची आणि शनिवारपर्यंत एकेक ओळ खोडून ती संपवायची, अशी माझी पद्धत. एका सोमवारी मी यादीत लिहिलं, ‘सहा ओले लंगोट गोळा करणे.’ दवाखान्यातली आया ते वाचून जेवणाच्या सुट्टीपर्यंत हसत होती.

कारण हसण्यासारखं नव्हतं. गावात एक चार वर्षांची मुलगी होती. बोलत नसे, बसल्या जागी डुलायची, चिडली की स्वतःचाच हात चावायची. घरातले सगळे सावळे आणि ही गोरी, केस भुरे. तिची आजी कौतुकानं तिला “आमची मडम” म्हणायची. आजीची एकच तक्रार होती. “कितीबी धू गं, पोरीच्या कपड्यांना उंदराचा वास येतो.”

मुंबईच्या एका प्रयोगशाळेतले डॉक्टर मुलं तपासायला आले होते. त्यांनी नेमकं हे वाक्य उचललं. मुलीच्या लघवीची बाटली मुंबईला गेली आणि उत्तर आलं. डाळ, दूध, मासळी यांतला एक घटक तिच्या शरीराला जिरवता येत नव्हता. तो साठून मेंदूला बाधत होता; गोरा रंग आणि तो वासही त्यामुळेच. जन्मापासून पथ्य मिळालं असतं, तर पोर इतरांसारखी वाढली असती. परदेशात अशा बाळांसाठी खास दूध निघालं होतं. आमच्या दवाखान्यात मात्र तेव्हा जुलाबाची औषधंसुद्धा वेळेवर येत नसत.

मुलीला दोन महिन्यांचा भाऊ होता, आणि हा आजार त्यालाही असू शकत होता. डॉक्टरांनी मला एक छोटी बाटली दिली. तीत लोखंडाचा एक क्षार विरघळवलेला होता. ओल्या लंगोटावर एक थेंब टाकायचा. डाग हिरवा झाला, तर तातडीनं कळवायचं, मग डॉक्टर ते खास दूध मागवणार. माझी नजर तयार व्हावी म्हणून पाच धडधाकट बाळांचे लंगोटही तपासायला सांगितले.

मी घरोघर फिरून सहा लंगोट आणले आणि दवाखान्याच्या ओट्यावर ओळीनं मांडले. हिरवा डाग म्हणजे काय, हे ऐकलेल्या सहा घरच्या बायका मागोमाग आल्या. मी थेंब टाकले. सहाच्या सहा हिरवे! चांगले काळपट हिरवे.

“आख्ख्या गावाला अक्कल नाय, असं सरळ म्हन ना गं नर्सबाय,” आजी म्हणाली.

“आमच्या घरात तर आधीपास्नंच नाय,” दुसरी म्हणाली. “ह्याचा बाप बघ की.”

ओट्यावर हशा पिकला. त्या मुलीची आई हसली नाही. ती आपल्या बाळाच्या लंगोटाकडे बघत उभी होती. मग तिनं मला हळूच विचारलं, “ताई, ह्यो बी तसाच व्हनार का?”

सहाही बाळं आजारी असणं शक्य नव्हतं, पण बाटलीनं तर सहाही जणांना धरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. आजी सहाणेवर बाळगुटी उगाळत बसली होती. मायफळाचे वेढे, हिरड्याचे वेढे. बाळाला चाटवलं, तोंड पुसलं, त्याच फडक्यानं सहाण पुसली आणि तेच फडकं बाळाच्या कमरेला गुंडाळलं.

मी मास्तरांची मुलगी. लहानपणी आमच्या घरी हिरडा आणि हिराकस कालवून शाई व्हायची. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. मी पिशवीतून बाटली काढली आणि एक थेंब सहाणेवर टाकला. सहाण काळीशार!

आजी दचकून मागं सरली. “आता सहानबी येडी झाली का गं?”

मला हसू आवरेना. गुटी घरोघर अशीच चालायची; मुंबईहून आलेल्या औषधानं मी काल सहा लंगोटांवर शाई केली होती. गाव शहाणं होतं. चूक डॉक्टरांची नव्हती. मुंबईतल्या बाळांचे लंगोट सहाण पुसत नसावेत, एवढंच.

मी दवाखान्यातलं कोरं कापड फाडून सहा घरी वाटलं आणि प्रत्येक घरी बजावलं, की हे फक्त बाळाला. आजी म्हणाली, “गुटी मी थांबवनार नाय.” मी म्हटलं, “थांबवू नका, दुसऱ्या फडक्याला पुसा.” एवढ्यावर तह झाला.

दोन दिवसांनी पुन्हा ओटा, पुन्हा सहा फडकी. पाच फडक्यांवर नुसता पिवळट डाग उमटला. सहावं मुलीच्या भावाचं. थेंब टाकायच्या आधी त्याच्या आईनं माझं मनगट धरलं, मग सोडलं. डाग पिवळटच राहिला.

“आनिक एकदा टाक,” आजी म्हणाली. मी टाकला. पिवळट. “आनिक एकदा.” तिसऱ्यांदाही पिवळट. आई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

आजीचा चेहरा मात्र एकदम उजळला. “म्हंजे थोरलीचंबी शाईच असंल! उगा घाबरवलंत.”

मला सांगावं लागलं, “आजी, तिची लघवी बाटलीतून मुंबईला गेली होती, फडक्यातून नाही. आणि ती गुटीच्या वयाची तरी आहे का आता?”

आईनं डोळे पुसले. “मंग तिला काय द्यायाचं, काय नाय, ते सांगा.” डॉक्टरांनी म्हटलं होतं, की उशीर झालाय, बोलणं येईल असं नाही, पण पथ्यानं चावणं आणि चिडणं कमी होऊ शकेल. मी कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे डाळ, दूध, अंडी, मासळी. दुसरीकडे रताळं, केळं, साबुदाण्याची पेज आणि मोजून भात.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा मुलगी जेवायला बसली होती आणि सवयीनं कुणीतरी ताटात सुकट वाढली होती. आजीनं ती बोटांनी एकेक वेचून काढली आणि आपल्या तोंडात टाकली.

“बघतीस काय,” ती मला म्हणाली. “मडमला चालत नाय. मला कागदावर कुटं मना केलंयस?”