फवाऱ्याची कडी

माझ्या नवऱ्याने कातळावर लॉन लावलं तेव्हा आमच्या मिरजोळे गावातले लोक ते बघायला येत. कारखान्यांच्या वसाहतीमागे आमची जमीन, सगळा जांभा. पावसात त्यावर गवत आपणहून येतं आणि दिवाळीनंतर वाळून जातं. ते कुणी मुद्दाम लावत नाही. पण हा माणूस जन्मभर मुंबईत एका बंगल्यावर माळी होता. अठ्ठ्याण्णव साली कायमचा परत आला, तेव्हा ट्रंकेत चार कपडे आणि एक जुना पितळी फवारा होता. बंगल्यावाल्यांनी नवे घेतले म्हणून जुना त्याने मागून आणला. मग खालून ट्रकने माती आणवली, पडवीसमोर हातभर उंच पसरली आणि तिच्यात गवत टोचलं. त्यामुळे पडवी आणि लॉन जवळजवळ एका पातळीत आले.

शेजारचा म्हातारा दगडी गडग्यावरून विचारी, "काय हो, म्हैस कधी आणताय? चारा तर तयार झाला."

"म्हैस नको. तुम्हीच या चरायला," नवरा म्हणे.

फवारा मधोमध उभा असे. पितळेचं डोकं, त्याला तोटी, तोटीपुढे एक हातोडी. पाण्याचा जोर हातोडीला बाहेर ढकलतो, स्प्रिंग तिला परत आणते, ती डोक्यावर आपटते आणि डोकं थोडं पुढे सरकतं. टक, टक, टक. खाली मानेभोवती तारेच्या दोन कड्या असतात. खटका कडीला लागला की उलटतो आणि डोकं तर्रर्र करत मागे येतं. पाणी कुठून कुठपर्यंत जायचं ते या दोन कड्यांवर ठरतं. कडीची टोकं चिमटीत दाबली तर ती सैल होते आणि सरकवता येते. सोडली की घट्ट. आपोआप ती सरकत नाही.

नवरा त्याला कुणाला हात लावू देत नसे. आठवड्याने डोकं काढायचा, तोटीत अडकलेली तांबडी कच टाचणीने काढायचा, जुन्या ब्रशने घासायचा. मी एकदा शिवणयंत्राचं तेल घेऊन गेले तर ओरडला, "तेल नको! तेलाला माती धरते." कड्या त्याने अशा लावल्या होत्या की पाणी पडवीच्या कडेपर्यंत येई आणि तिथेच थांबे. आत एक थेंब नाही.

दोन हजार सालच्या थंडीत त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्यांना किती समजतं ते सांगता येणार नाही. तुम्ही बोलत राहा." मी बोलत राहिले. चहा देऊ का, कूस बदलू का, ऊन लागतंय का. तो वाशांकडे बघत राही. डावा हात छातीवर ठेवला की छातीवर, बाजूला ठेवला की बाजूला. घरात उकडायचं म्हणून दिवसा मी त्याचं अंथरूण पडवीत घालत असे.

माझ्या थोरल्या नणंद, वन्सं, विधवा; त्या आमच्याकडेच असायच्या. पहिले काही दिवस त्या भावाच्या उशाशी बसल्या. मग एका सकाळी उठून आत आल्या आणि चुलीपाशी बसून म्हणाल्या, "हा माजा भाव नाय गो."

"मग कोण आहे?"

"मला काय म्हायत? डोळे बघ त्याचे. आत दुसरं कोण तरी बसलाय आणि बाहेर बघताय."

"वन्सं, त्याला जेवायला घालायचं की नाही तेवढं सांगा."

"घाल. मला काय सांगू नको."

त्यानंतर त्या त्याच्याजवळ गेल्या नाहीत. पडवीतून जाताना भिंतीला घासून जात. मी हसले होते, पण मग मीही त्याचे डोळे बघायला लागले. भुवईवर माशी बसली तरी पापणी हलत नसे. मी डावीकडून उजवीकडे गेले तर नजर मागे येत नसे. आणि पाठ केली की मात्र वाटे, आता आली. मी मागे वळून बघे. तो वाशांकडे बघत असे.

मुलगा मुंबईला. त्याचा फोन आला. "आई, मी डॉक्टरांशी बोललो. बाबा आता कुणाला ओळखणार नाहीत. इकडे एक आश्रम आहे, अशी माणसं नीट सांभाळतात. शिमग्याला येतो तेव्हा घेऊन जातो. तू एकटी किती करशील?"

मी बघू म्हटलं. विचार सरळ होता. आत नवरा असेल तर त्याला परक्यांच्या हाती द्यायचा नाही. आत नवरा नसेल, तर नुसतं अंग कुणी धुतलं म्हणून काय फरक पडतो? पण आहे की नाही ते मला कळायला हवं होतं, आणि शिमगा जवळ येत होता.

लॉन आता माझ्याकडे होतं. वाळू दिलं असतं, पण इतकी माती आणली होती. चार वाजता चावी उघडायची, विहिरीचं पाणी द्यायचं. खालून समुद्राकडचा वारा सुटला की तुषार पडवीत येत आणि त्याचे पाय भिजत. म्हणून मी कडी सरकवली आणि पडवीकडची बाजू वगळली. पाणी तिकडे वळायच्या आधीच मागे फिरू लागलं.

दुसऱ्या दिवशी चावी उघडली, आतल्या खोलीत गेले, आणि टक टक लांबलेली ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर पाणी पडवीच्या कडेपर्यंत येत होतं, अगदी पूर्वीसारखं. कडी जुन्या जागी होती. मला वाटलं मीच नीट दाबली नसेल. पुन्हा सरकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी डोकं खोललं, वायसर बदलला, कच काढली, कडी दाताखाली धरून आवळली. सकाळी लावलेली कडी दुपारनंतर परत जुन्या जागी.

वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी हात लावीन त्या यंत्राला?" ते खरं होतं. त्या लॉनवरून चालतही नसत.

मग त्यांनीच मला तो पट्टा दाखवला. पडवीपासून फवाऱ्यापर्यंत गवत आडवं झालं होतं. पावलांचे ठसे नव्हते. सलग पट्टा होता, मधे जरा वळलेला, जसं काही जड, लांब, जमिनीला पोट लावून गेलं होतं.

वन्सं हळू बोलायला लागल्या. "जागेवाला फिरताय."

आमच्याकडे प्रत्येक जमिनीचा एक राखणदार असतो, त्याला जागेवाला म्हणतात. दिसला तर बहुतेक नागाच्या रूपात दिसतो. त्याला वर्षाचा नारळ द्यायचा, आणि जमिनीत काही नवीन करायचं तर आधी विचारायचं. नवऱ्याने माती टाकताना विचारलं नव्हतं. वन्सं गावच्या देवळात गेल्या आणि गुरवाकडून कौल लावून घेतला. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. गवतावरून फिरतो तो जागेवालाच काय, असं विचारलं. उजवी पडली.

"आता काय म्हणशील?" वन्संनी मला विचारलं.

"नाग कड्या फिरवतो का, ते विचारायचं राहिलं."

"हस. माज्या भावाला त्यानंच नेलान, आणि आता त्याच्या अंगातनं बघताय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पट्ट्यावर केळीच्या पानात दहीभात ठेवला. दुपारी आम्ही दोघी आत पडलो. चार वाजता उठून बघितलं तर पान ओढलं गेलं होतं, दहीभात पट्टाभर फासला होता, आणि कडी जुन्या जागी होती. वन्सं हात जोडून उभ्या राहिल्या. माझ्याही अंगावर काटा आला होता.

नवऱ्याचा लेंगा ओला होता. गेले बरेच दिवस दुपारचा ओला असायचा आणि अंथरुणातच झाली असेल म्हणून मी बडबड करत बदलायची. नखांत तांबडी माती असायची, ती काही विशेष नाही, आमच्याकडे माती कुठे नसते? त्या दिवशी मी सदराही काढला. छातीवर, दोन बटणांच्या मधे, भाताची शितं चिकटली होती.

त्या दुपारी मी त्याला नाचणीची आंबील भरवली होती.

मी सदरा वन्संना न दाखवता धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कडी पुन्हा चुकीची लावली, आणि दुपारी खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले.

वन्सं घोरायला लागल्यावर काही वेळाने तो हलला. आधी डावा हात अंथरुणाबाहेर आला आणि पडवीची कड चाचपू लागला. मग सगळं अंग एका कुशीवर कलंडलं. हात पुढे जाई, गवताची मूठ धरी, अंग ओढी. उजवा पाय मागून यायचा, बांधलेल्या ओंडक्यासारखा. आवाज फक्त गवताचा. तोंड माझ्या बाजूला होतं आणि त्यावर काही नव्हतं. कष्ट नाही, राग नाही. डोळे फवाऱ्याकडेही नव्हते. हात एका बाजूने चालला होता आणि चेहरा दुसरीकडे कुठेतरी होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

फवाऱ्यापाशी पोचल्यावर बोटं मानेवरून फिरली, कडी सापडली, चिमटीत दाबली गेली, सरकली. मग बोटं दोनदा खटक्यावर टेकली, लागतो की नाही ते बघायला. हे त्याचं जुनं होतं. कडी लावल्यावर तो खटका दोनदा हलवून बघायचाच. त्यानंतर गाल मातीला लावून तो बराच वेळ पडून राहिला, आणि आला तसा परत गेला.

मी बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले. "अहो, मी बघितलं."

तो वाशांकडे बघत होता. मी हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे माझ्यातून आरपार गेले. पडवीलगतच्या गवताकडे मग माझं लक्ष गेलं. कडी जुन्या जागी दिसली की मी ती पुन्हा सरकवूनच पाणी देत होते, त्यामुळे ते पिवळं पडायला लागलं होतं. त्यासाठी हा माणूस रोज सरपटत होता. माझ्यासाठी त्याने मानही वळवली नव्हती.

मुलगा शिमग्याला आला, बरोबर गाडी ठरवूनच आला. मी त्याला म्हटलं, दुपारी जेवून झोपायचं नाही. त्याला आणि वन्संना खिडकीपाशी बसवलं. कडी मी सकाळीच बिघडवून ठेवली होती. बाप पडवीतून लॉनवर सरकला तेव्हा मुलगा उठायला लागला. मी त्याचा हात धरून खाली बसवला. खटका दोनदा हलला तेव्हा मुलाने तोंडावर टॉवेल घेतला.

"बाबाच आहेत," तो म्हणाला. त्याने गाडी परत पाठवली.

"देवानं बरोबरच सांगितलान," वन्सं म्हणाल्या. "जागेवाला म्हणजे दुसरा कोण?" पण जवळ जाऊन त्या बसल्या नाहीत. "हात त्याचा हाय. डोळ्यांचं अजून मी काय म्हणत नाय."

त्या उन्हाळ्यात रोज सकाळी मी कडी चुकीची लावली आणि रोज दुपारी त्याने ती बरोबर केली. आमचं बोलणं म्हणाल तर एवढंच. पाऊस सुरू झाल्यावर फवारा काढून ठेवावा लागतो. ते महिने मला काहीच कळत नव्हतं. मी पेज भरवली, अंग पुसलं, आणि आत कोण आहे ते विचारायला माझ्याकडे काही नव्हतं. गवत गुडघाभर वाढलं.

दिवाळी झाल्यावर मी गवत कापून घेतलं, फवारा घासला आणि बसवला. पहिल्या दिवशी कडी नुसती जराशी सरकवली. तो हलला नाही. वाटलं, सवय गेली असेल. दुसऱ्या दिवशी इतकी चुकीची लावली की अर्धं लॉन कोरडं राहावं. खिडकीपाशी बसून राहिले. डावा हात मी ठेवला होता तिथेच होता. चार वाजता चावी उघडली. पाणी अर्ध्यावर जाऊन मागे फिरलं, पुन्हा गेलं, पुन्हा फिरलं.

मी भर पाण्यात गेले आणि कडी बरोबर केली. वारा होता. तुषार त्याच्या पायांवर, मग तोंडावर आले. उघड्या डोळ्यांत पाणी पडलं तरी पापणी मिटली नाही. छाती वरखाली होत होती.

वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या बाहेर आल्या, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि त्याच्या उशाशी मांडी घालून बसल्या.

"आता बसतंय मी," त्या म्हणाल्या. "आता आत कोण नाय."

श्वास त्यानंतर बरेच दिवस चालला. मुलाने फोनवर आश्रमाचं पुन्हा विचारलं नाही. मीच त्याला म्हटलं, आता न्यायचा असेल तर ने. तो म्हणाला, असू दे, आई.