लॅपटॉपच्या आत जुना कॉम्प्युटर

गेवराईत ब्लाउजवर मशीननं भरतकाम करून देणाऱ्या रुकसानाचा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून तिनं हौसेनं नवा लॅपटॉप घेतला. पण त्याचा प्रोसेसरच वेगळ्या जातीचा निघाला. नक्षीचा जुना प्रोग्राम त्यावर उघडेना. मग तिनं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर तयार करून त्यात जुनं विंडोज घातलं. तेही सुरू होईना.

लेकीच्या लग्नाचा ब्लाउज घेऊन बसलेली तलवाड्याची दीपमाला म्हणाली, "वापस कर की गं हा लॅपटॉप."

"कावून, ताई? चीज चांगली हाय," रुकसाना हसली. "आतल्या मशीनलाबी हाच प्रोसेसर मिळतोय, अन् त्याला जुन्या विंडोजची बोली कळत न्हाई. आता जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कलच करायला लावते त्याला."

तिनं तसं मशीन नव्यानं बनवलं. विंडोज रांगत रांगत उघडलं.

"लई हळू हाय की!"

"असू द्या. त्यात फकस्त नक्षी काढायची. भरायचं काम सुईचं, ती तिच्या वेगानं पळते."

दुपारी नक्षीची फाईल पेनड्राइव्हवरून भरतकामाच्या मशीनमध्ये गेली, सुई धडधडू लागली. ब्लाउजवर मोराची निळी मान दिसताच दीपमालानं लेकीला फोन लावला.