तारवाल्या बाईंचा हात

शाळकरी मुलांच्या सरकारी दवाखान्यात वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर एकच होत्या, म्हणून सगळी पोरं त्यांना तारवाल्या बाई म्हणत. दारावर नाव, पदवी सगळं होतं, पण ती पाटी वाचण्याच्या फंदात कुणी पडत नसे. बाई जिभेने तिखट, हाताने मऊ. खुर्चीतलं पोर रडायच्या बेतात आलं की म्हणत, "खुशाल रड, फक्त तोंड उघडं ठेवून रड." पोराला हसू फुटे आणि तेवढ्यात तार बसलेली असे. ज्यांना बाहेर हे काम परवडलं नसतं, त्यांची मुलं इथे येत आणि दोन-तीन वर्षांनी तोंडावर हात न ठेवता हसायला लागत.

एका दुपारी बाई पेपर वाचत बसल्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर आपोआप घासला जात होता, जणू कुणी बारीकशी गोळी वळतंय. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला नाही. बाईंच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. पुढे पुढे त्याला सदऱ्याचं बटण लावता येईना. बाईंनी पेपर मिटला आणि हात मांडीखाली दाबून बसल्या.

घरी कपबशी किणकिणू लागली तेव्हा नवरा म्हणाला, चहा कमी कर. बाईंनी बरं म्हटलं.

विचित्र गोष्ट अशी, की कामात हात शहाण्यासारखा वागे. मनगट पोराच्या हनुवटीवर टेकवलं की गुमान राही. रिकामा बसला की थरथरे. मग बाईंनी त्याला रिकामा बसूच दिला नाही. दोन पोरांच्या मधल्या वेळात त्या उगाच हत्यारं पुसत. त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मावशी हे बघत होत्या. तारेवर बसवायची बारीक रबरं त्या आता चिमट्यात आधीच अडकवून हातात द्यायला लागल्या. दोघी हवेबद्दल बोलत.

हाताचा शहाणपणा वर्षभर टिकला.

सातवीतली एक मुलगी होती. बडबडीमुळे मावशी तिला चिमणी म्हणत. तिच्या दाढेमागे तारेचं टोक बाहेर येऊन टोचत होतं. ते कापायला बाईंनी पक्कड आत घातली, दाबली, आणि ऐन वेळी हाताला हिसका बसला. तुटलेला तुकडा उडाला आणि मुलीच्या डोळ्याखाली लागला. एक लाल ठिपका उमटला. बोटभर वर असता तर?

चिमणी रडली नाही. बाईंच्या हाताकडे बघत तिने विचारलं, "बाई, तुम्हाला थंडी वाजतेय का?"

बाई तडक दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी आधी उठून दार लावलं. जागा भरायची परवानगी नाही, बाई गेल्या तर विभागाला कुलूप लागणार, आणि एवढ्या पोरांच्या तोंडात तारा आहेत त्यांचं काय, असं ते बराच वेळ समजावत राहिले. शेवटी म्हणाले, "जमेल तेवढं रेटा. कुणाजवळ बोलू मात्र नका."

बाई बाहेर आल्या. बाकावर आया आणि मुलं दाटीवाटीने बसली होती. त्यांना बघून सगळी उभी राहिली.

मावशींनी पुढचं पोर खुर्चीत बसवलं होतं. बाईंनी हातमोजे चढवले, चिमटा उचलायला हात नेला, आणि ट्रेमधली हत्यारं एकमेकांवर वाजू लागली. पोराची आई ट्रेकडे बघू लागली. मावशी पुढे झाल्या, पण त्यांनी काही करायच्या आत बाईंनी मोजे काढून टाकले आणि त्या आईला म्हणाल्या, "माझा हात आता भरवशाचा राहिला नाही."

मोठे डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. विभागाला कुलूप लागलं. दारावर कागद चिकटवला, पुढील तारीख कळवली जाईल. ती कळवली गेली नाही. बाई मात्र घरी बसून जाणून होत्या की तार कुणाची वाट बघत नाही. दात योग्य जागी आला म्हणून ती ओढायची थांबत नाही. रस्त्यात एखादं पोर जांभई द्यायचं आणि तोंडातली तार चकाकलेली दिसायची. बाईंनी बाजाराला जाणं सोडलं.

बऱ्याच महिन्यांनी चिमणीचा बाप तिला घेऊन दारात उभा राहिला. मुलीने न सांगता तोंड उघडलं. सुटलेली तार गालात रुतली होती. बाईंनी चार आठवड्यांसाठी म्हणून अडकवलेल्या स्प्रिंगने एक सुळा पार आडवा करून टाकला होता.

बाईंनी दवाखान्यातल्या दात उपटणाऱ्या तरुण डॉक्टरला फोन लावला आणि मुलीच्या तारा काढायला सांगितलं. तो हबकला. "मॅडम, हे माझं काम नाही. दात तुटला तर?"

"तुम्ही पक्कड धरा," बाई म्हणाल्या. "मी सांगते तसं करा."

मोठ्या डॉक्टरांनी किल्ली दिली, पण स्वतः ते त्या खोलीकडे फिरकले नाहीत. बाई खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या, हात कोटाच्या खिशात. किती दाबायचं, कुठे थांबायचं, हे त्या सांगत गेल्या. तरुण डॉक्टर घामाघूम झाला, पण एकेक तुकडा निघत गेला. मावशी ते वाटीत टाकत होत्या.

काम झाल्यावर चिमणीने दातांवरून जीभ फिरवली. "आता हे असेच राहतील ना?"

दात जागी धरून ठेवणारी पट्टी लावायला हवी होती. पण ती बनवणाऱ्या कारागिराची कधीच बदली झाली होती. बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हळूहळू परत सरकतील."

"किती?"

"होते तितके. कदाचित जास्त."

मुलीने मान डोलावली, ओठ घट्ट मिटले आणि बापाशेजारी जाऊन उभी राहिली. बातमी कशी फुटली कोण जाणे, बाहेरचा बाक भरला होता. तरुण डॉक्टरने मोजे बदलले. मावशींनी पुढच्या पोराला आत घेतलं.