उजव्या बाजूचा रकाना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे आहेत. वडील बाजार समितीत पोती उचलायचे, आई लोकांच्या घरी शेवया-पापड करून द्यायची. दहावीनंतर मुलाचं काय करायचं असतं हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि तसं कुणाजवळ बोलायची त्यांना लाज वाटायची. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सर घरी आले, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "याला मी उद्या अकोल्याला नेतो. फॉर्म भरतो आणि संध्याकाळी परत आणून सोडतो." वडिलांनी फक्त मान हलवली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्याची सुरुवात एवढीच.

सरांची एक पद्धत होती. काही ठरवायचं असलं की वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे काय मिळणार ते, उजवीकडे काय सुटणार ते. आणि उजवी बाजू आधी लिहायची. "डावीकडचं आपोआप आठवतं," ते म्हणायचे. "माणूस तेवढ्यासाठीच तर निघालेला असतो."

चंदीगडच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही त्यांनी माझ्याकडून ते पान लिहून घेतलं. उजवीकडे मी लिहिलं: आई-वडील, सणवार, आपली भाषा. सरांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक शब्द वाढवला: रविवार. आठवीपासून मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे गणितं सोडवायला जात असे. मग म्हणाले, "बाकीचं तू सांभाळ. रविवारचं मी बघतो."

आणि त्यांनी ते बघितलं. सुरुवातीची वर्षं दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली, रविवारी कधी बाजार, कधी मुलीचा क्लास, कधी नुसती झोप. एकदा लागोपाठ दोन रविवारी मी फोन उचलला नाही, तेव्हा तेच म्हणाले, "मी आपला बोलून ठेवत जातो. तुला सवड होईल तेव्हा ऐक." तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर त्यांचा आवाजी मेसेज यायला लागला. चार-पाच मिनिटांचा, दर रविवारी. टाइप मात्र कधी केलं नाही. "लिहायचं तर पत्र लिहावं, बोलायचं तर बोलावं. बोटानं टिचक्या मारणं दोन्हीत बसत नाही," असं त्यांचं मत.

मी सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मोजमापाची यंत्रं सांभाळतो आणि चंदीगडलगतच्या खरड गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या हिवाळ्यात माझा फोन फारच कुरकुर करायला लागला. दुपारपर्यंत बॅटरी संपायची, संस्थेच्या गेटवर ओळखपत्र दाखवताना स्क्रीन काळी व्हायची. मुलगी नववीत आहे. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघांनाही त्यात आता काही वाटत नाही.

"पापा, ये फोन नहीं है, ये अवशेष है," ती म्हणाली. "इस बार आयफोन लो. पक्का."

"अँड्रॉइडची सवय झाली आहे गं."

"सवय तो आपको चंडीगढ़ की भी नहीं थी."

मी सरांच्या पद्धतीनं पान घेतलं, रेघ मारली, आणि कॅमेरा, बॅटरी, किती वर्षं अपडेट मिळतील, आवाज किती स्वच्छ येतो, असं सगळं लिहून काढलं. डावी बाजू पानभर झाली. उजवीकडे दोनच गोष्टी होत्या: जुना चार्जर, आणि फाइली आपल्या हातानं इकडून तिकडे टाकायची सोय. उजवी बाजू आधी लिहायची असते हे मला आठवलंसुद्धा नाही.

शनिवारी आम्ही सेक्टर २२ मधल्या मोबाइलच्या दुकानांकडे गेलो. दुकानदार साठीचे सरदारजी होते. दोन्ही जातींचे फोन त्यांनी काचेवर शेजारी शेजारी ठेवले आणि मला दोन्ही हातांत धरायला लावले. मी विचारलं, आवडलं नाही तर परत अँड्रॉइडकडे येता येतं का.

"आ सकते हो जी," ते म्हणाले. "लेकिन कोई आता नहीं."

मुलगी हसली. मी दोन दिवसांनी येतो म्हणालो. "सोच लो जी, फोन है, रिश्ता तो नहीं," असं म्हणून त्यांनी दोन्ही फोन खोक्यात ठेवले.

त्याच दिवशी संध्याकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. इथे सांगायला हवं की त्याच्या आठ महिने आधी सरांचं घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ वाईट निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. ज्या माणसाचा आवाज पहिल्या बाकापासून शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचा तो माणूस आता पाटीवर लिहून चहा मागतो. मी तेव्हा रजा काढून चार दिवस जाऊन आलो होतो. सरांनी पाटीवर लिहिलं होतं, "लांबून आलास. काम अडेल."

काकू म्हणाल्या, "एक काम होतं बाबा. नातीला आजोबांचा आवाज आठवत नाही म्हणते. आमच्या फोनात जागा होत नव्हती म्हणून मीच मागं सारं पुसलं. त्या पट्ट्या दिसतात, पण दाबलं की वाजत नाही. तुझ्यापाशी असतीन ना रे?"

"असतील काय काकू, आहेत," मी म्हणालो. "सगळे जपून ठेवलेत."

"मले माहीतच होतं," त्या म्हणाल्या.

फोन बदलताना मेसेज कसे न्यायचे हे मुलीनं वाचून ठेवलं होतं. केबल लावून जातात म्हणाली, पण आधी एकदा सगळं नीट आहे का बघून घ्या. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांबरोबरचे मेसेज उघडले आणि वर वर सरकवत गेलो.

न ऐकलेल्या आवाजी मेसेजच्या कडेला माइकचं हिरवं चिन्ह असतं. ऐकला की ते निळं होतं. सुरुवातीचे सगळे निळे होते. मग मध्येच एखादा हिरवा. मग दोन निळे, तीन हिरवे. शेवटच्या दीड वर्षात निळ्यांपेक्षा हिरवेच जास्त होते. मी मोजले. त्रेचाळीस मेसेज मी ऐकलेच नव्हते.

आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर होतं. जोडलेले हात. "खूप छान सर." "अगदी बरोबर सर." एका ठिकाणी तर त्यांचा मेसेज सहा मिनिटांचा होता आणि माझं उत्तर दुसऱ्या मिनिटाला गेलेलं होतं.

ते चिन्ह फक्त माझ्याकडे दिसत नाही. आपण ऐकलं की पाठवणाऱ्याच्या फोनवरही ते निळं होतं, आणि ऐकलं नाही तर होत नाही. म्हणजे सरांना माहीत होतं. दर रविवारी नवा मेसेज बोलताना आधीचा तसाच पडलेला त्यांना दिसत होता, आणि त्याखाली माझे जोडलेले हात.

सोमवारी संस्थेत मी हे सहकाऱ्याला सांगितलं. तो हिमाचलचा, माझ्याच प्रयोगशाळेतला, फोनांची त्याला फार माहिती. सगळं नाही सांगितलं. एवढंच विचारलं की मेसेज ऐकला हे समोरच्याला कळू न देता ऐकता येतो का.

"यार, तेरे फोन में तो आसान है," तो म्हणाला. "फोल्डर खोल, वहाँ सारी आवाज़ें पड़ी हैं. वहीं से सुन, वहीं से कॉपी कर. उधर कुछ पता नहीं चलेगा. आयफोन में ऐसा खुला फोल्डर नहीं मिलेगा. इसलिए बदलने से पहले कर ले." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "किसका है? भाभी को पता है ना?"

मी हसलो. दोन फोनांमधला हा फरक मी वाचलेल्या कुठल्याच तुलनेत लिहिलेला नव्हता. आठवडाभर मी त्याचा विचार करत होतो. फोल्डरमधून ऐकलं असतं तर काकूंना आवाज मिळाला असता, सरांच्या फोनवर काहीच हललं नसतं आणि मला नवा फोन घेता आला असता. एकदा फोल्डर उघडलाही. फाइलींवर नुसत्या तारखा होत्या. बोट वाजवायच्या खुणेपर्यंत गेलं आणि मला वाटलं, ज्या माणसानं माझा फॉर्म भरला त्याच्या वहीत मी चोरून बघतो आहे. बंद केला.

पुढच्या रविवारी मी फोन चार्जिंगच्या बॅटरीला जोडून गच्चीवर गेलो. थंडीत इथे ऊन उशिरा येतं आणि आलं की सगळी इमारत गच्चीवर येते. शेजारच्या बायका स्वेटर विणत, संत्र्यासारखे किन्नू सोलत बसल्या होत्या. मी कोपऱ्यात टाकीला टेकून बसलो, कानात वायर घातली आणि पहिल्या हिरव्या मेसेजवर बोट ठेवलं. फोल्डरमधून नाही, सरळ मेसेजवर.

"हं. ऐक," सर म्हणाले.

आठ महिन्यांनी तो आवाज कानात आला. मी थोडा वेळ थांबवला आणि मग पुन्हा लावला.

शाळेमागचं पेरूचं झाड पाडलं. सातवीतल्या एका मुलीनं त्रिकोणाचं उदाहरण त्यांच्याहून सोप्या रीतीनं सोडवलं, तर त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. माझे वडील बाजारात भेटले, पोराचा फोन आला होता असं तीनदा सांगत होते, तेव्हा तू त्यांना जास्त वेळा करत जा. एका मेसेजमध्ये त्यांनी मला कोडं घातलं होतं आणि उत्तर कळव म्हणून सांगितलं होतं. त्याखाली मी लिहिलेलं: "खूप छान सर."

हळूहळू आवाज खरखरीत व्हायला लागला. मग हा मेसेज आला:

"हं. ऐक. घसा बसला आहे, तिसरा महिना. इथले डॉक्टर म्हणतात मास्तर लोकांचा बसतोच. तुमच्याकडे ते मोठं सरकारी इस्पितळ आहे, तिथं दाखवावं असं तुझ्या काकूचं म्हणणं. मी म्हटलं त्याला विचारतो. तुला अडचण असली तर स्पष्ट सांग, संकोच नको. पुढच्या रविवारपर्यंत वाट बघतो आणि मग ठरवतो."

खाली माझे जोडलेले हात होते.

त्याच्या पुढच्या रविवारचा मेसेज शाळेच्या घड्याळाविषयी होता. ते मागे पडतं आणि कुणी दुरुस्त करत नाही. घशाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यांचं ऑपरेशन झालं ते त्यानंतर वर्षभरानं. तेव्हा आले असते तर आवाज वाचला असता का, हे मी अजून कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही.

एवढ्यात काकूंचा फोन आला. मी कानातली वायर काढली.

"अरे, हे सकाळपासून फोन हातात घेऊन बसले आहेत," त्या म्हणाल्या. "एकेक निळं होऊ राहिलं म्हणून मले खुणा करून दाखवतात. जेवायलाही उठत नाहीत."

मागे पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. मग काकूंनी वाचून दाखवलं, "ते म्हणतात, घाई नाही म्हणा. निवांत ऐक."

सगळे ऐकून होईपर्यंत ऊन गच्चीवरून उतरलं होतं. मंगळवारी मी सेक्टर २२ ला गेलो आणि जुन्याच फोनला नवी बॅटरी घालून घेतली. बुधवारी पोस्टात हे पत्र टाकलं.

"सर, नमस्कार.

पत्राचा मायना तुम्हीच शिकवला होता. आज तो नीट लिहायला गेलो तर मुद्द्यावर येणार नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुमचे त्रेचाळीस मेसेज मी ऐकले नव्हते आणि ऐकल्याची उत्तरं पाठवली होती. तुम्हाला हे दिसत होतं हे मला आता कळलं. तुम्ही एकदाही बोलला नाहीत. शाळेत असतो तर उभं केलं असतं.

काकूंना मी सगळं जपून ठेवलं आहे असं सांगितलं होतं, तेही पुरतं खरं नाही. ठेवलेलं होतं, जपलेलं नव्हतं. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये तुमचे सगळे मेसेज तारखेप्रमाणे लावून घातले आहेत. नातीला पेरूच्या झाडाचा आधी ऐकवावा, त्यात तुम्ही हसला आहात.

मी फोन बदलणार होतो. पान लिहिलं होतं, पण उजवी बाजू आधी लिहिली नाही. आता बदलला नाही. तुमच्या आवाजाची प्रत निघाली, पण त्याखालची माझी उत्तरंही याच फोनमध्ये आहेत, आणि ती तिथेच तशी राहावीत असं वाटतं.

कोड्याचं उत्तर सतरा. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा आलं.

घशाबद्दल तुम्ही विचारलं होतं, आमच्याकडे येऊन दाखवावं का. तुम्ही रविवारपर्यंत वाट बघणार होता. काही अडचण नाही, सर. मागची खोली रिकामी आहे, सकाळी तिथे ऊन येतं. तपासणीला म्हणून, नाहीतर नुसतेच या. मी स्टेशनवर येतो. येताना पाटी आणा."